बारीवर तिसरं माणूस

आमची मुलगी एका दुपारी शाळेतून आली आणि बूट न काढताच तिने इंग्रजीत विचारलं, आपल्या घरात कशाची शिकार करतात. तिच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील हातावर ससाणा घेऊन वाळवंटात जातात आणि तिलाही बरोबर नेतात. त्या मुलीने ते वर्गात इतकं रंगवून सांगितलं होतं, की बाकीच्यांना आपापले बाप एकदम फिके वाटायला लागले होते. माझा नवरा त्या दिवशी घरून काम करत होता. लॅपटॉपवरून मान वर न करता त्याने सांगितलं, आपण ऑफरची शिकार करतो, दर गुरुवारी, हायपरमार्केटात. उत्तर तसं खरं होतं. हा माणूस पुण्याचा. याने आयुष्यात मारलेलं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे झुरळ, आणि तेही मला हाक मारून.

मुलीचा चेहरा पडला. तेवढ्यात सोफ्याच्या कोपऱ्यातून कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. तिथे माझे बाबा बसले होते. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावाहून ते महिन्यापूर्वी व्हिजिट व्हिसावर आले होते आणि दोह्यात अल मुंतझातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कंटाळून गेले होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले सगळे गळके नळ दुरुस्त केले. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या सुऱ्यांना अशी धार लावली, की नवऱ्याने दोनदा बोट कापून घेतलं. त्यानंतर त्यांना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आता ‘शिकार’ हा शब्द कानावर पडताच ते ताठ बसले.

“पारध?” त्यांनी विचारलं. तो आवाज मी तीस वर्षांत ऐकला नव्हता.

आमच्याकडे शिकारीला पारध म्हणतात. ती एकट्यादुकट्याने होत नाही. अर्धा गाव कुत्री घेऊन रानाच्या एका बाजूने शिरतो आणि आरडाओरडा करत पुढे सरकतो. दुसऱ्या बाजूला बंदूकवाले ठरलेल्या जागी दबा धरून बसतात. त्या जागेला बारी म्हणतात. जनावर गोंगाटाकडून शांततेकडे पळतं आणि थेट बारीसमोर येतं. त्यामुळे बारीवरच्या माणसाला खोकायची, खाजवायची, नाक ओढायची परवानगी नसते. बाबांचं गावात नाव होतं ते बारीवरचा माणूस म्हणून. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती आणि भातशेती रानडुकरांपासून राखण्यासाठी सरकारने दिलेला परवाना होता. परवान्यात भेकराचा उल्लेख नव्हता. भेकर म्हणजे आमच्या रानातलं तांबूस रंगाचं छोटं हरीण, कुत्र्यासारखं भुंकणारं. ते मारायला तेव्हाही बंदी होती, पण गावाने ती फारशी मनावर घेतली नव्हती. मुलीला सांगताना मी हा भाग जरा खालच्या आवाजात सांगते.

पोरगा आठ वर्षांचा झाला, की बाप त्याला बारीवर न्यायचा आणि शेजारी बसवायचा. माझा भाऊ आठ वर्षांचा झाला तेव्हा मी दहाची होते. त्याला नेलं, मला नेलं नाही. मुलींना नेत नाहीत एवढंच कारण होतं, आणि ते कुणी समजावून सांगायच्याही भानगडीत पडलं नाही. मी रडले, दोन दिवस जेवले नाही, एकदा तर व्हाळापर्यंत, म्हणजे रानाच्या तोंडाशी असलेल्या ओढ्यापर्यंत, त्यांच्या मागोमाग गेले. तिथे बाबांनी मागे वळून नुसतं घराच्या दिशेने बोट दाखवलं. मी परत आले.

पारधीच्या दिवशी माझं काम म्हणजे खोबरं किसून, मिरच्या भिजवून, पाटा धुऊन बसायचं. वाटायचं मात्र नाही. जनावर पडल्याची खबर आल्याशिवाय आमच्याकडे कुणी पाट्याला हात लावत नसे. आधी वाटप, म्हणजे मटणाचा ओला मसाला, वाटून ठेवलं, तर समोर आलेलं जनावरही माघारी फिरतं, अशी समजूत. एका पारधीला मी रागाच्या भरात सगळं वाटप आधीच वाटून ठेवलं. ते लोक संध्याकाळी हात हलवत परत आले. आईने पाटा बघितला आणि ती काय ते समजली. बाबांनी एकदा पाट्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि हातपाय धुवायला गेले. त्या रात्री आम्ही ते वाटप बटाट्यात घालून खाल्लं. अख्ख्या गावाची पारध आपण एकटीने मोडली या कल्पनेने मला भीतीही वाटत होती आणि आतून फार बरंही वाटत होतं.

भावाचं म्हणाल तर तो पहिल्याच बारीवर बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. आज तो कल्याणला एका बँकेत आहे आणि त्याला त्यातलं काहीही आठवत नाही. मला सगळं पाठ आहे. पाऊल कसं टाकायचं, वारा कसा बघायचा, ओलं शेण किती वेळाचं ते कसं ओळखायचं, हे सगळं बाबा त्याला अंगणात शिकवायचे आणि मी चुलीपाशी बसून ऐकायची. माझी बेचाळीस वर्षं उलटून गेली. दोन देशांत नोकऱ्या केल्या, दोह्याचं ड्रायव्हिंग लायसन्स तिसऱ्या खेपेला का होईना, पण काढलं. तरी बाबांनी मला बारीवर नेलं नाही ही गोष्ट काही मनातून गेली नाही. एकदा, फक्त एकदा, मला त्यांच्या शेजारी बसायचं होतं.

तर दुसऱ्या दिवशी बाबांनी नातीची शिकवणी सुरू केली. मला विचारलंही नाही. मुलींना पारधीला नेत नाहीत हा नियम कुठेतरी अरबी समुद्रावरून येताना विमानातून खाली पडला असावा. मी टोमणा मारला, तेव्हा ते म्हणाले की काळ बदलला आहे. बदलायचाच होता तर तीस वर्षं आधी का नाही बदलला, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी चहा मागितला.

पहिला धडा होता न हलता बसण्याचा. आमची मुलगी जेवतानासुद्धा खुर्चीवर तीन प्रकारे बसते. बाबांनी तिला इमारतीमागच्या पार्किंगमध्ये नेलं. तिथे मांजरांचं राज्य आहे. एका पिकअपच्या मागे दोघं उकिडवी बसायची आणि मांजरांवर नजर ठेवायची. मांजर आपणहून जवळ आलं तर पास, पळालं तर नापास. तिसऱ्या दिवशी वॉचमनने मला जिन्यात गाठलं आणि हिंदीत फार अदबीने विचारलं, की मॅडम, तुमचं काही हरवलंय का, तुमचे वडील आणि बेबी रोज गाड्यांमागे लपून बसतात. मी म्हटलं, व्यायाम आहे. त्याने मान हलवली, पण पटलं नव्हतं.

मी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. पुन्हा चुलीपाशी मीच, फक्त चूल आता इलेक्ट्रिकची होती. एकदा तर बाबांनी तिला कचऱ्याची काळी पिशवी बोका म्हणून वीस मिनिटं न्याहाळायला लावली. मला वाटलं, म्हातारा पोरीची गंमत करतोय. मी वरून हसले.

दुसरा धडा पावलांचा. अनवाणी चालायचं, पाऊल आधी कडेने टेकवायचं, मग हळूहळू वजन टाकायचं. हा सराव आमच्या बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये चाले. नवरा कॉलवर असताना ती चोरपावलांनी त्याच्या मागे जाऊन उभी राहायची आणि तो दचकून ऑफिसच्या लोकांसमोर ओरडायचा. तिसरा धडा वासाचा. बाबांनी सांगितलं, की पारधीच्या दिवशी साबण लावायचा नाही. मुलीने तो नियम तत्परतेने त्याच दिवसापासून पाळायला सुरुवात केली. नवऱ्याला कुणीतरी उदाचं महागडं अत्तर भेट दिलेलं आहे. ते लावून तो हॉलमध्ये आला, की आजोबा आणि नात एकदम नाकाला हात लावायची. बिचाऱ्याने आठवडाभर बिनवासाचं आयुष्य काढलं.

बाबा मालवणीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं. निदान मधे मला कुणी विचारायला येत नसे. फक्त एकदा तिला एक शंका आली आणि ती घेऊन ती माझ्याकडे आली. इथे हरीण मारायला सक्त मनाई आहे, आपल्याकडे बंदूक नाही आणि असती तरी आपण मारलं नसतं, हे मी तिला आधीच बजावलं होतं. मग मारायचं नाही तर शिकार कसली, असा तिचा प्रश्न होता. मी तो बाबांना मालवणीत विचारला.

“मारूक येळ लागना नाय गो,” ते म्हणाले. “जनावर दिसाक येळ लागता. थंयच सगळा आसा.”

मुलीला ते पटलं. मला मात्र नव्याने राग आला, कारण तसं असेल तर बंदुकीला हात न लावताही पारध होत होती. मग मला नेण्यात काय अडचण होती, हा प्रश्न मी मनात ठेवला.

हरणं कुठे दिसतील ते माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं. दुखानच्या रस्त्याने पश्चिमेला जायचं, झेक्रीतच्या बाजूला वळायचं. तिकडे तारेचं लांबच लांब कुंपण घातलेला राखीव भाग आहे. आत हरणं मोकळी सोडलेली आहेत. इथे त्यांना रीम म्हणतात. सकाळी ऊन चढायच्या आधी ती कुंपणाच्या जवळ चरायला येतात आणि बाहेरून दिसतात. कुंपणातली हरणं ऐकून बाबांनी नाक मुरडलं. मग शुक्रवारी निघायचं का, म्हणून लगेच विचारलं.

नवऱ्याच्या कंपनीत त्या शुक्रवारी काहीतरी गो-लाइव्ह होतं. तो आला नाही. येताना एक तंगडी आण, एवढं म्हणून तो झोपला. आम्ही तिघं उजाडता उजाडता निघालो. बाबांनी कानटोपी घातली होती, मुलीने मातकट रंगाचं जॅकेट शोधून काढलं होतं. तिचे दिवे लागणारे बूट बाबांनी आदल्या दिवशीच बाद केले होते. मी थर्मासमध्ये चहा, डब्यात घावणे आणि वेगळ्या डबीत चटणी घेतली. चटणीची डबी तीन पिशव्यांत गुंडाळली, वास जाऊ नये म्हणून. मीही त्या दिवशी साबण लावला नव्हता. मला कुणी सांगितलं नव्हतं.

शहर मागे पडल्यावर बाबा काचेला नाक लावून बसले. दर दहा मिनिटांनी ते विचारायचे, की रान कधी सुरू होणार. मी सांगायची, आता येईल. दोन्ही बाजूंना पिवळट सपाट जमीन, मधेच विजेचे खांब, मधेच एखादं उंटांचं कुंपण. शेवटी मुलीनेच त्यांना सांगून टाकलं, की आजोबा, हेच रान आहे. बाबांनी बराच वेळ बाहेर बघितलं.

“हंय लपाचा खंय?” त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. जन्मभर ज्या माणसाने झाडाच्या बुंध्याआड बसून जनावर बघितलं, त्याला झाडच नसलेलं रान समजावून घ्यायला वेळ लागणारच. मला हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं.

झेक्रीतजवळ डांबरी रस्ता सोडून आम्ही कच्च्या वाटेने गेलो. कुंपण दिसलं, तशी बाबांनी गाडी लांबच थांबवायला सांगितली. पुढे पांढऱ्या चुनखडीचं, कमरेइतकं उंच टेकाड होतं. त्याच्या पलीकडे कुंपण आणि कुंपणापलीकडे काटेरी बाभळीसारखी चार-दोन झाडं. बाबा खाली उतरले, चिमूटभर वाळू घेऊन हवेत सोडली. वारा समुद्राकडून येत होता, आमच्या तोंडावर. वाळू त्यांच्याच कानटोपीत गेली, पण ते खूश झाले. वारा तोंडावर म्हणजे आपला वास जनावराकडे जात नाही. त्यांनी टेकाडाकडे बोट केलं. ती बारी.

मी गाडीचं दार लावलं आणि चप्पल काढू लागले.

“तू हंयच रव, गाडयेकडे,” बाबा म्हणाले. “बारयेर दोघाच बसतत. तिसरो माणूस इलो की बाजार झालो.”

मुलगी माझ्याकडे बघून, सॉरी म्हणावं तसं खांदे उडवून, अनवाणी त्यांच्या मागे निघाली. दोघं वाकून, पावलं कडेने टाकत टेकाडाकडे गेली. म्हातारा पुढे, पोर मागे. मी गाडीला टेकून उभी राहिले. थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं. दहा वर्षांच्या वयात जे गिळलं होतं, ते जसंच्या तसं वर आलं. बेचाळीस वर्षांच्या बाईला रडू येण्यासारखं यात काय होतं, असं मी स्वतःला विचारलं, पण रडू आलं.

मग राग आला, आणि राग आला ते बरं झालं. पेट्रोल मी भरलेलं, गाडी मी चालवलेली, पत्ता मी शोधलेला. माझ्याच गाडीची राखण करायला मी एवढ्या पहाटे उठले नव्हते. मी चप्पल काढून गाडीखाली सरकवली, ओढणी कमरेला घट्ट बांधली, हातातल्या दोन बांगड्या काढून सीटवर ठेवल्या आणि दार लोटलं. चुलीपाशी बसून जे जे ऐकलं होतं, ते एकदम पायात उतरलं. सरळ गेले असते तर त्यांना सावली दिसली असती, म्हणून वळसा घेऊन गेले. पाऊल आधी कडेने. खडी टोचली की थांबायचं, श्वास सोडायचा, मग दुसरं पाऊल. त्या सकाळी हरणं कुणी कशी बघितली माहीत नाही, मी मात्र माझ्या बापाची पारध करत होते.

पाच पावलांवर पोचले तरी दोघांपैकी कुणीही वळलं नाही. मला मनातून इतका अभिमान वाटला, की मी जवळजवळ मोठ्याने हसणार होते. मी गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या खांद्यांवरून पलीकडे बघितलं.

हरणं होती. डाव्या बाजूच्या झाडाखाली तीन. वाळूच्याच रंगाची, पोट पांढरं, शेपटीचा गोंडा काळा. एकाची शिंगं उंच आणि मागे वळलेली. एक पाडस तर इतकं लहान होतं, की त्याचे पाय त्याच्यासाठी जास्तच लांब वाटत होते. भेकरासारखी ती मुळीच नव्हती, आणि मी तर जिवंत भेकरही कधी धड बघितलं नव्हतं. आमच्या घरी यायचं ते वाटे पडलेलं मटण. मला वाटलं, हे बघायचं सोडून माझा भाऊ झोपला होता.

बाबा उजवीकडे बघत होते.

उजवीकडे एक वाळकं झुडूप होतं. बाबा त्याच्यावर डोळे रोखून, एक बोट हळूच वर करून मुलीच्या कानात कुजबुजत होते, की बघ, शिंगं दिसतायत, आता मान वर करील. मला वाटलं, ते पुन्हा गंमत करतायत. मग त्यांचा चेहरा बाजूने दिसला. ते गंमत करत नव्हते. डोळे बारीक करून, पापण्या मिटून परत उघडून, ते त्या झुडपात हरीण शोधत होते. भाऊ गेली दोन वर्षं फोनवर सांगत होता की मोतीबिंदू पिकलाय आणि बाबा ऑपरेशनला तयार नाहीत, मला सगळं दिसतं म्हणतात. मीही त्यांना फोनवर म्हणायची, दिसत असेल तर राहू दे. एक महिना माझ्या घरात राहून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

मुलीने डावीकडे बघितलं. तिला हरणं केव्हाच दिसली होती. मग तिने उजवीकडे झुडपाकडे बघितलं, मान हलवली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “येस आजोबा. आय सी इट.”

तेवढ्यात तिला मागे मी दिसले. तिने ओठांवर बोट ठेवलं. नऊ वर्षांची पोर मला गप्प बसायला सांगत होती. एरवी मी सोडलं नसतं. बाबांना टोमणा मारायची संधी मी आयुष्यात कधी वाया घालवलेली नाही आणि ही तर सगळ्यात मोठी होती. बारीवरचा नामांकित माणूस झुडपाची पारध करतोय, हे भावाला सांगितलं असतं तर आम्ही दोघं वर्षभर हसलो असतो. पण मला हसू येत नव्हतं. मला माझ्या मुलीचा अभिमान वाटत होता आणि बाबांची भीती वाटत होती, म्हणजे त्यांना कळेल याची. मी मागे फिरायचं ठरवलं. गाडीकडे जाऊन उभं राहायचं आणि ती दोघं आली की विचारायचं, काय बाबा, दिसलं का.

मी हात टेकून मागे सरकले.

“बस आता,” बाबा म्हणाले. त्यांनी वळूनही बघितलं नाही. “गाडयेचो दरवाजो हळू ढकलूक शिक. थंयसूनच आयकलंय मी.”

म्हणजे माझा तो सगळा वळसा, ते कडेने टाकलेलं पाऊल, त्या काढून ठेवलेल्या बांगड्या, सगळं त्यांनी पाठीने ऐकलं होतं. माझा अभिमान तिथेच वाळूत बसला. मीही बसले, त्यांच्या उजव्या हाताला. दगड गार होता. मुलगी डाव्या बाजूला होती, तिची नजर पुन्हा झाडाखाली लागली होती. कुणीच हललं नाही. वारा तोंडावर येत होता आणि बाबांच्या कानटोपीला आमच्या घरातल्या खोबरेल तेलाचा वास होता.

मग बाबांनी मान माझ्या बाजूला जराशी झुकवली. इतकी हळू, की पलीकडे मुलीला ऐकू जाऊ नये.

“खंय आसत गो?” त्यांनी विचारलं. “माका दिसनत नाय.”

हा माणूस मला व्हाळावरून परत पाठवणारा. मी त्यांच्या गुडघ्यावरचा हात उचलला, त्यांचं बोट धरलं आणि हळूहळू झुडपावरून डावीकडे नेलं. झाडाच्या खाली आणलं आणि तिथे थांबवलं.

“थंय,” मी म्हटलं. लग्नानंतर घरात पुण्याची मराठी बोलून बोलून गेलेली माझी भाषा आपोआप आली. “तीन आसत, बाबा. एक नर, एक मादी. एक पाडस.”

“शिंगा?”

मी सांगितलं. किती उंच, कुठे वळलेली, त्यांवर कड्या कड्या कशा आहेत. त्यांनी कातडीचा रंग विचारला, तो सांगितला. खुरं बारीक की रुंद, कान कुठल्या बाजूला, पोटाखाली पांढरं किती, हे सगळं ते एकेक करून विचारत गेले आणि मी सांगत गेले. अंतर विचारलं. मला त्यांच्या हिशेबात सांगायचं होतं, म्हणून म्हटलं, आपल्या खळ्यापासून विहिरीइतकं. त्यांनी मान हलवली. टप्प्यात आहेत, असं ते पुटपुटले. डोळे त्यांनी मिटून घेतले होते. मला हे फार उशिरा कळत होतं, की ते आता बघायचा प्रयत्नच करत नव्हते. ते माझ्यावर विसंबून होते.

पाडसाने मान वर केली. नराने आमच्या दिशेला बघितलं, एक पाय आपटला. मी तेही सांगितलं. मग काय झालं कुणास ठाऊक, कदाचित वारा फिरला असेल, तिन्ही हरणं एकदम उडाली. पलीकडच्या उंचवट्याआड गेली. उरलं ते झाड आणि त्याखालची विस्कटलेली वाळू. मुलीने माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, पाठीवर ऊन आलं होतं आणि चेहरा असा निवांत होता, की मला थांबवेना.

“नर आता परत चराक लागलो,” मी सांगितलं. “पाडस आवशीच्या पोटाखाली गेला. ती उभीच आसा.” मुलगी तोंडावर हात दाबून हसत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि पुढे सांगितलं, की मादीने शेपटी हलवली आणि ती दोन पावलं पुढे आली.

बाबांच्या मिशीत काहीतरी हललं.

“गेली गो ती मगाशीच,” ते म्हणाले. “तू सांग. मी आयकतंय.”

मग मी सांगत राहिले.